सहाशे माणसं आणि जिन्यावर बसलेला एक

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत)

आमच्या क्षेत्रातल्या लोकांची दरवर्षी दोन दिवसांची परिषद भरते. सहाशेच्या आसपास माणसं येतात. गेली चार वर्षं संयोजन माझ्याकडे आहे. वक्ते चांगले असतात, वेळापत्रक पाळलं जातं. तरी शेवटी भरून घेतलेल्या अभिप्रायांत एक वाक्य दरवर्षी येतंच : ‘कार्यक्रम छान, पण कोणाशी ओळख झाली नाही.’ मागच्या वर्षी आम्ही सकाळी ओळखीचे खेळ घेतले, ॲप केलं, संध्याकाळी दीड तास नुसता परिचय मेळावा ठेवला. लोक आपापल्या घोळक्यात उभे राहिले, उरलेले मोबाइल बघत बसले. एक गृहस्थ दोन्ही दिवस मधल्या सुट्टीत मागच्या जिन्यावर एकटे बसलेले दिसले. मी दोनदा त्यांच्यासमोरून गेले. हातात यादी होती, थांबले नाही. ते अजून डोक्यातून जात नाही. हल्ली लोकांना एकमेकांत रसच उरलेला नाही का? समितीतले ज्येष्ठ म्हणतात, ‘लोक ऐकायला येतात, ओळखी आपोआप होतात.’ या वर्षी परिचय मेळावा अडीच तासांचा करावा असं माझ्या मनात आहे. दोन महिने हातात आहेत. काय करू?

उत्तर

अडीच तास करू नका. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी सांगून टाकते, कारण सभागृहवाल्यांना वेळा कळवायची तुम्हाला घाई असणार. दीड तासात जे अवघडलेपण आलं, ते अडीच तासांत निवळत नाही, मुरतं.

आता तुमचा प्रश्न. लोकांना रस उरला नाही का, असं विचारता आणि पुरावा म्हणून जे वाक्य देता, ते नेमकं उलटं सांगतंय. ज्याला ओळख नकोच होती, तो ‘ओळख झाली नाही’ असं कशाला लिहील? दोन दिवस संपलेत, परतायची घाई आहे, अभिप्राय भरला नाही तरी कोणी अडवणार नाही, तरीही माणूस थांबून हे लिहितो. म्हणजे त्याला ते बोचलंय.

कोलंबिया विद्यापीठाच्या पॉल इन्ग्रम आणि मायकेल मॉरिस यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यांनी उद्योग-व्यवसायातल्या शंभरेक लोकांचा असाच एक मेळावा तपासला होता. कोण कोणाजवळ किती वेळ उभं राहिलं याची नोंद करणारा इलेक्ट्रॉनिक बिल्ला प्रत्येकाला दिला होता. आधी विचारलं तेव्हा जवळजवळ सगळे म्हणाले होते की नव्या लोकांना भेटायचंय. प्रत्यक्षात पाय वळले ते ओळखीच्या चेहऱ्यांकडे. तुमच्या हॉलमध्ये घडलं तेच. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली : ज्या घोळक्यात आपल्यासारखं (त्यांच्या अभ्यासात, आपल्याच वंशाचं) एखादं जरी माणूस होतं, तिथे माणूस शिरत होता आणि टिकतही होता. हे जरा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

मोबाइल बघत बसलेल्यांना मी दोष देणार नाही. मीही बघते. अनोळखी हॉलमध्ये एकट्या उभ्या माणसाला आपले हात कुठे ठेवावेत हेसुद्धा कळत नाही. मोबाइल हा त्याचा आडोसा. मोबाइल नव्हते तेव्हा लोक कार्यक्रमपत्रिका चार-चारदा वाचायचे, सूचनाफलकापुढे उभे राहून सगळ्या जुन्या सूचना पाठ करायचे. त्यातून कोणी धीर करून बोललंच, तर परतताना मनात येतं, आपण उगाच बडबडलो, समोरचा कंटाळला असणार. हा आपला अंदाज बहुतेक वेळा चुकतो. मानसशास्त्रज्ञ एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हेच दाखवलं : पहिल्यांदा भेटून बोललेल्या दोघांनाही वाटत होतं की आपण समोरच्याला फारसे आवडलो नाही, आणि दोघंही वाटलं त्यापेक्षा जास्त आवडलेले होते. तुमच्या मेळाव्यातही असे कितीतरी जण एक बरं बोलणं करून, ते वाईट झालं असं समजून घरी गेले असतील.

तुमच्या पत्रातलं दुसरं गृहीतक असं की वेळ आणि जागा मोकळी ठेवली की माणसं मोकळी होतात. मोठ्या हॉलमध्ये याच्या आड आधी कान येतात. आजूबाजूला गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. एतियेन लोंबार या फ्रेंच कानतज्ज्ञांनी १९११ मध्ये हे नोंदवून ठेवलंय, त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. सहाशे जणांनी आवाज चढवला की गोंगाट वाढतो, मग सगळे आणखी चढवतात. अर्ध्या तासाने अशी वेळ येते की समोरच्याचं नाव तीनदा विचारूनही कळलेलं नसतं, चौथ्यांदा विचारायची लाज वाटते आणि माणूस मान डोलावून सटकतो. त्यात मागे संगीत लावलेलं असेल तर बघायलाच नको. तुमच्याकडे होतं का ते तुम्ही लिहिलं नाही. असेल तर या वर्षी बंद ठेवा. याहून स्वस्त उपाय माझ्याकडे नाही.

दुसरी अडचण संख्येची. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये आपसूक जमलेल्या गप्पांच्या घोळक्यांचं निरीक्षण मांडलं. एका बोलण्यात साधारण चार माणसं टिकतात. पाचवा-सहावा आला की बोलणं फुटतं, दोन होतात, किंवा एक बोलतो आणि बाकीचे श्रोते होतात. हे पडताळायला अभ्यासाचीही गरज नाही, पुढच्या समारंभात कोपऱ्यात उभं राहून मोजा. तेव्हा सहाशे माणसांची एकमेकांशी ओळख करून द्यायची हे ओझं डोक्यावरून उतरवा. तुम्हाला चौघांची सोय करायची आहे, ती दीडशे ठिकाणी करायची आहे एवढंच. आणि माझं विचाराल तर एखाद्याला दोन दिवसांत तीन माणसं अशी भेटली की ज्यांना महिन्याभराने फोन करताना ‘मी कोण’ हे सांगावं लागणार नाही, तर ती परिषद उत्तम झाली.

खेळांबद्दल बोलायला मला फारशी जागा खर्च करायची नाही, पण एक कबुली देते. मी असा खेळ एकदा जिंकलेय. कागदावर वीस चौकोन, ‘पोहता येणारा माणूस’, ‘जुळं भावंड असलेला माणूस’ वगैरे, आणि प्रत्येक चौकोनात तशा माणसाची सही. माझ्या वीस सह्या आठ मिनिटांत झाल्या. बक्षीस देताना सूत्रसंचालकाने सहज विचारलं, ‘यांतली दोन-तीन नावं सांगा ना.’ मला एकही सांगता येईना. सही देणाऱ्यांनीही माझ्या तोंडाकडे पाहिलेलं नव्हतं. एकाने तर पाठ वाकवून कागद टेकवायला जागा करून दिली होती. त्याची पाठ मला आठवते, चेहरा नाही.

त्याच्याच पुढच्या वर्षीची गोष्ट. एका संमेलनाला मी लवकर पोचले होते. नोंदणीच्या टेबलावर बसणारी मुलगी आलीच नव्हती आणि रांग दारापर्यंत गेली होती. कोणीतरी म्हणालं, जरा बसता का? ‘प’ ते ‘म’ आडनावांचा खोका माझ्यापुढे सरकवला गेला. शेजारच्या खुर्चीवर ‘य’ ते ‘ज्ञ’वाल्या एक बाई होत्या. दोन तास आम्ही नावं शोधत होतो, बिल्ले काढून देत होतो, पिशव्या संपल्या म्हणून ओरडत होतो. एका तरुणाच्या बिल्ल्यावर नाव चुकीचं छापलं होतं. मी मागच्या कोऱ्या बाजूवर जाड पेनाने ठळक लिहून दिलं. दुपारी तो शोधत आला आणि म्हणाला, ‘तुमच्या अक्षरातलं नाव लोकांना लांबून वाचता येतंय, छापलेलं कोणालाच दिसत नव्हतं.’ त्या दिवशी हॉलमध्ये निम्मे लोक मला मान हलवून ओळख देत होते. शेजारच्या त्या बाईंशी माझी मैत्री आज अकरा वर्षं टिकून आहे. ‘तुम्ही काय करता?’ हा प्रश्न आम्ही एकमेकींना संध्याकाळपर्यंत विचारलाच नव्हता. ‘तुमच्याकडे कात्री आहे का?’ असं विचारलं होतं.

मला तुम्हाला सांगायचंय ते एवढंच आहे. ओळख कामाच्या आडून होते. ‘आता ओळख करून घ्या’ असं सांगितलं की माणसं अवघडतात, फोटोवाल्याने ‘हसा’ म्हटल्यावर चेहरा होतो तशी. हातात काहीतरी करायला दिलं की डोळे कामावर राहतात, तोंड मोकळं होतं, आणि बोलणं थांबलं तरी ती शांतता टोचत नाही. तुमच्या सहाशेपैकी किती जणांना करायला काही असतं? वक्ते, स्वयंसेवक, समिती धरून साठ? बाकीच्यांना तुम्ही खुर्ची देता, फाइल देता आणि मग त्यांच्याकडून मनमोकळेपणाची अपेक्षा करता.

म्हणून नोंदणीच्या अर्जात एक ओळ वाढवा : ‘दोन दिवसांत एखादा तास हातभार लावाल का?’ टेबलावर बसणं, दारात उभं राहून जागा दाखवणं, सत्राची टिपणं घेणं, वेळ झाल्याची पाटी दाखवणं, श्रोत्यांचे प्रश्न गोळा करणं, अशी कामं निघतील. अट एकच. कुठलंही काम एकट्याला द्यायचं नाही आणि जोडीला ओळखीचा माणूस द्यायचा नाही. टिपणं दोघांनी घ्यायची आणि सत्र संपल्यावर दहा मिनिटं बसून जुळवायची. त्या दहा मिनिटांत जे बोलणं होतं ते कुठल्याही मेळाव्यात होत नाही, कारण ‘वक्ता नेमकं काय म्हणाला’ यावरून दोघांचा मतभेद हमखास होतो. अनोळखी माणसाशी घातलेला छोटासा वाद ही ओळखीची फार चांगली सुरुवात असते.

सगळेच हात वर करणार नाहीत हे मान्य. त्यांच्यासाठी सत्राच्या आतच काम ठेवा. पाऊण तासाचं एखादं भाषण घ्या, वक्त्याला सांगा की पंचवीस मिनिटं बोला. मग पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागे वळायचं, मागचे दोघं मिळून चार. काम : या वक्त्याला विचारायचा एकच प्रश्न चौघांनी मिळून ठरवा आणि कागदावर लिहून द्या. सात मिनिटं. खुर्च्या पक्क्या बसवलेल्या असल्या तरी हे जमतं. मग वक्त्याने त्या कागदांतून प्रश्न उचलून उत्तरं द्यायची. हा शेवटचा भाग गाळू नका. कागद गोळा करून बाजूला ठेवले तर लोकांना लगेच कळतं की हा खेळच होता, आणि दुसऱ्यांदा ते वळणार नाहीत. याचा वरकड फायदा असा की दरवर्षी माइक धरून ‘प्रश्न नाही, पण माझं एक निरीक्षण आहे’ म्हणणारे जे तीन ठरलेले गृहस्थ असतात, त्यांच्यापासून सगळ्यांची सुटका होते. (प्रत्येक परिषदेत ते तीनच असतात. कुठून येतात कोण जाणे.)

हे पहिल्या दिवशी जमलं तर दुसऱ्या दिवशी दुपारी, निम्मा हॉल पेंगत असतो त्या सत्राच्या जागी, जरा धीट प्रयोग करून बघा. हॅरिसन ओवेन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी एकदा वर्षभर खपून मोठी परिषद घेतली आणि शेवटी लोकांचं एकमत झालं की सगळ्यात छान झाल्या त्या मधल्या सुट्ट्या. ते रुसून बसले नाहीत. सुट्टीसारखीच परिषद घेता येईल का, असा विचार त्यांनी केला आणि १९८५ पासून ‘ओपन स्पेस’ ही पद्धत रुजली. एक कोरी भिंत असते. ज्याला ज्या विषयावर बोलायचंय त्याने तो कागदावर लिहून, जागा आणि वेळ टाकून चिकटवायचा, आणि तिथे यजमान म्हणून थांबायचं. लोकांनी हवं तिथे जायचं. आपल्याला मिळण्यासारखं किंवा देण्यासारखं काही नसेल तर उठून दुसरीकडे जायचं, त्यात अपमान कोणाचाच नाही. तुमच्या सहाशेतले दोनशे जरी आले तरी पंचवीस-तीस विषय लागतील, म्हणजे एका कागदाभोवती सात-आठ जण, त्यांचे पुढे आपसूक दोन घोळके. आठ-दहा जणांना आधीच गाठून विषय कबूल करून घ्या. कोऱ्या भिंतीवर पहिला कागद चिकटवणं कोणालाच नको असतं.

आता बिल्ल्याकडे या. तुमच्या मागच्या वर्षीच्या परिषदेतला एखादा बिल्ला कुठल्यातरी खणात पडला असेल, तो शोधा आणि भिंतीला टांगून सहा पावलं मागे जा. काय दिसतंय? माझी पैज आहे, परिषदेचं बोधचिन्ह दिसेल, मग प्रायोजकाचं, आणि तळाशी, मुंग्यांची रांग असावी तसं, माणसाचं नाव. त्यातून ते एका हुकाला लटकवलेलं, म्हणजे दर दुसऱ्या मिनिटाला गर्रकन फिरून कोरी बाजू पुढे. लोक मग एकमेकांच्या पोटाकडे बघत, मान वाकडी करत बोलतात. नाव दोन्ही बाजूंना छापा. पहिलं नाव सगळ्यात मोठं, आडनाव त्याखाली, संस्था त्याहून लहान, हुद्दा नकोच. हुद्दा वाचला की माणूस आपण कोणाशी बोलावं आणि कोणाशी नको याचा हिशेब करायला लागतो. दोरी दोन टोकांना अडकवा म्हणजे फिरणार नाही, आणि लांबी अशी ठेवा की बिल्ला छातीवर येईल. खाली एक रिकामी ओळ : ‘मला विचारा :’ आणि पुढे ज्याने त्याने आपल्या हाताने लिहायचं. एखादा लिहील ‘नव्या माणसांना काम शिकवताना होणारे घोटाळे’, एखादी लिहील ‘पंधरा वर्षांनी पुन्हा कामाला लागणं’. ही ओळ वाचून सुरू झालेलं बोलणं ‘आपण कुठून?’पेक्षा लांब जातं. नोंदणीच्या टेबलावर जाड पेनं भरपूर ठेवा, ती चोरीला जातात.

मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट आता. आपलं वाटणारं एखादं जरी माणूस असेल तर नवखा घोळक्यात टिकतो. तुमच्याकडे पहिल्यांदाच येणारे लोक किती असतात हे अर्जात विचारून घ्या. समजा दीडशे निघाले. जुन्यांपैकी पंचवीस जण निवडा आणि प्रत्येकाला सहा नवखे वाटून द्या. यजमान म्हणा, पालक म्हणा, नाव काहीही चालेल. निवडताना गप्पिष्ट माणसं टाळा. ज्याला समोरच्याचं ऐकून घ्यायची सवय आहे असा यजमान हवा. त्याने आठवडाभर आधी सहाही जणांना दोन ओळी लिहायच्या, पहिल्या सत्राच्या वीस मिनिटं आधी एका ठरलेल्या खांबाशी भेटायचं आणि पहिला दिवस संपताना तिथेच पुन्हा भेटायचं. ही दुसरी भेट महत्त्वाची. सकाळी पाहिलेला चेहरा संध्याकाळी परत दिसला की तो अर्धा ओळखीचा झालेला असतो. दिवसभरात यजमानाचं काम एवढंच की या सहांपैकी प्रत्येकाला दुसऱ्या कोणाच्या तरी स्वाधीन करायचं, आणि ते करताना नाव-गाव-हुद्दा सांगून थांबायचं नाही, बोलायला काहीतरी मागे ठेवायचं : ‘तुमच्या दोघांचीही समिती नव्या पद्धतीला विरोध करतेय, यांनी त्यावर काहीतरी तोडगा काढलाय.’ आणि तिथून निघून जायचं. ओळख करून देणारा तिथेच घुटमळत राहिला की दोघंही त्याच्याशीच बोलत राहतात.

तुमच्या समितीतल्या ज्येष्ठांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. ओळखी आपोआप होतात हे खरं आहे, फक्त ते ‘आपोआप’ कुठे होतं ते बघायला हवं. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थी-वसाहतीत कोणाची कोणाशी मैत्री होते हे पाहिलं होतं, १९५० साली ते प्रसिद्ध झालं. स्वभाव, आवडीनिवडी बाजूलाच राहिल्या. दारं जवळ असणं आणि येता-जाता गाठ पडणं यानेच बहुतेक काम केलं होतं. तळमजल्यावर जिन्याशी राहणाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर ओळखी जास्त होत्या, कारण वरचे लोक त्यांच्याच दारावरून जात. म्हणजे आपोआप व्हायलाही जिना योग्य जागी लागतो. तुमच्या हॉलचा आराखडा पुढ्यात घ्या. पाण्याची, खाण्याची सगळी टेबलं एका टोकाला असतील तर तिथे रांग लागते, रांगेत माणसं पाठमोरी असतात. टेबलं चार कोपऱ्यांत वाटा. भिंतीलगत लांबलचक बाकं आहेत तिथे चार-चार खुर्च्यांचे गोल करा आणि गोलात एक खुर्ची कायम रिकामी राहील असं यजमानांना सांगा. उभ्याने बोलणाऱ्यांनीही वर्तुळ पुरतं मिटवायचं नाही, एका माणसाची फट ठेवायची. हे सुरुवातीलाच व्यासपीठावरून सांगून टाका. एकदा सांगितलं की लोक हसत-हसत पाळतात, आणि बाहेर उभ्या माणसाला ती फट लांबून दिसते.

ॲपबद्दल दोनच वाक्यं. येण्याआधी कोण-कोण येतंय हे बघायला आणि गेल्यावर संपर्क ठेवायला ते बरं, पण हॉलमध्ये माणसं शोधायला ॲप दिलं की सगळ्यांच्या माना पुन्हा खालीच. आणि कृपा करून सगळ्यांचे फोन नंबर एका व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. ज्याला द्यायचाय तो देईल, विशेषतः स्त्रियांना न विचारता हे केलं तर पुढच्या वर्षी त्यांच्यातल्या काही येणारच नाहीत आणि कारण सांगणार नाहीत.

हेही लक्षात असू द्या की काहींना खरोखर ऐकायलाच यायचं असतं. त्यांना ओढू नका. एक शांत खोली ठेवा, दारावर तसं लिहा, म्हणजे तिथे बसणारा माणूस एकलकोंडा ठरत नाही. ज्यांना ऐकू कमी येतं किंवा फार वेळ उभं राहवत नाही, त्यांच्यासाठी हॉलचा एक कोपरा ध्वनिवर्धकापासून लांब आणि बसण्याचा ठेवा. खरं तर तोच कोपरा सगळ्यात आधी भरतो, मी पाहिलंय.

यातलं सगळं या वर्षी करायला जाऊ नका, दोन महिन्यांत तुमची दमछाक होईल आणि समिती बिथरेल. बिल्ला, यजमान आणि एका भाषणात चौघांचा प्रश्न, एवढं धरा. ज्येष्ठांकडून फक्त एक सत्र मागून घ्या. दीड तासाचा परिचय मेळावा रद्द करा, त्याऐवजी मधल्या दोन सुट्ट्या वीस-वीस मिनिटांनी वाढवा. दिवस लवकर संपेल आणि लोक तुम्हाला दुवा देतील. अभिप्रायाच्या कागदावरचा प्रश्नही बदला. ‘ओळखी झाल्या का?’ याला ‘नाही’ म्हणणं फार सोपं आहे. ‘पुढच्या महिन्याभरात ज्यांच्याशी पुन्हा बोलाल अशी किती माणसं भेटली?’ असं विचारा, आकडा लिहायला जागा ठेवा. पहिल्या वर्षी ‘एक’ असं बऱ्याच ठिकाणी दिसलं तरी खूश व्हा.

राहिले जिन्यावरचे गृहस्थ. ते दुःखी होते असं तुम्ही धरून चालला आहात. असतीलही. दोन तास गोंगाट सोसून जरा शांत बसायला आले असतील, असंही असेल. तुम्हाला ते ठाऊक नाही, कारण तुम्ही थांबला नाहीत, आणि थांबला नाहीत म्हणून मी तुम्हाला बोलही लावणार नाही. हातात यादी असली की माणसाला माणसं दिसत नाहीत, फक्त राहिलेली कामं दिसतात. पण तुमच्या सबंध पत्रात एक गोष्ट मला कुठे सापडली नाही. चार वर्षांत तुमची स्वतःची कोणाशी ओळख झाली? सहाशे लोकांचा तुम्हाला एखाद-दुसरा प्रश्न असतो, खोली कुठली, माइक कधी, आणि तुम्हाला त्यांची यादी. या वर्षी रोज एक तास ती यादी दुसऱ्या कोणाकडे तरी द्या. परिषद तासाभरात कोसळत नाही.

त्या गृहस्थांचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा बिल्ला उलटा फिरलेला असणार. या वर्षी ते पुन्हा आले आणि जिन्यावर दिसले, तर ‘एकटेच का बसलात?’ असं विचारू नका, त्याला काय उत्तर देणार कोणी? ‘नोंदणीच्या टेबलावर एक माणूस कमी पडतोय, अर्धा तास बसाल का?’ असं विचारा. आणि शेजारच्या खुर्चीवर तुम्ही बसा.